गुडघ्याचं लिगामेंट: आधी काय, मग काय

जत्रेतली कुस्ती, कबड्डीची चढाई, रोपलावणीच्या चिखलात रुतलेला पाय, पावसात घसरलेली मोटारसायकल. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात गुडघ्याचं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा चिवट दोर, जातं ते बहुतेक वेळा असंच. त्यानंतरच्या चुकाही ठरलेल्या. संध्याकाळी चोळून घेतलं, दुसऱ्या दिवशी शेकलं, आठवड्याने स्वतःच जाऊन एमआरआय काढला. मग रिपोर्ट वाचून कुणी घाबरून ऑपरेशनची तारीख घेतो, तर कुणी सूज उतरली म्हणून पुन्हा लांग चढवतो.

यातल्या बऱ्याच गोष्टी मुळात चुकीच्या नाहीत, त्यांची वेळ चुकते. म्हणून हा लेख क्रमाने वाचा. एक टप्पा पुरा झाल्याशिवाय पुढचा धरू नका.

## १. पहिली दहा मिनिटं: उठवू नका, विचारा

पडलेल्याला दोघांनी काखेत धरून उभं करायचं आणि "चाल, चाल, मोकळा होईल" म्हणायचं, ही मैदानावरची रीत सोडा. त्याला आहे तिथे पडू द्या आणि चार गोष्टी विचारा. पाय कसा वळला? आतून 'कट्' असा आवाज आला का, किंवा काही तुटल्यासारखं वाटलं का? मार लागला तर कुठल्या बाजूने? गुडघा निसटून परत जागेवर आल्यासारखा वाटला का?

उत्तरं मोबाइलमध्ये टाइप करून ठेवा. सूज किती वाजता दिसायला लागली तेही लिहा. आठवडाभराने डॉक्टर नेमकं हेच विचारतात आणि तोवर पेशंटला फक्त "लई दुखलं" एवढंच आठवत असतं.

## २. घरी थांबायचं की लगेच निघायचं

खालीलपैकी एकही गोष्ट असेल तर सकाळची वाट बघू नका:

- गुडघा उघड वाकडा दिसतोय किंवा निसटून परत बसला आहे
- पाऊल गार, फिकट किंवा निळसर पडलं आहे
- पावलाला मुंग्या आहेत, बधिरपणा आहे किंवा पंजा वर उचलता येत नाही
- जखम आहे आणि ती सांध्यापर्यंत गेल्याची शंका आहे
- गुडघा एका जागी अडकला आहे, कितीही प्रयत्न केला तरी सरळ होत नाही

> सावध: निसटलेला गुडघा आपोआप जागेवर आला म्हणून सुटलो असं समजू नका. गुडघ्याच्या मागून पायाची मुख्य रक्तवाहिनी जाते आणि अशा वेळी तिला इजा होऊ शकते. रक्तपुरवठा तुटला तर पाय वाचवण्यासाठी हातात काही तासच असतात. अशा पेशंटला आधी हाडवैद्याकडे नेऊन वेळ घालवू नका. जिथे रक्तवाहिनीचं ऑपरेशन होतं अशा मोठ्या रुग्णालयात थेट न्या, १०८ ला फोन करा.

एक्स-रे लागेल का, हे ठरवायला डॉक्टर एक साधा नियम वापरतात, त्याला ओटावा नियम म्हणतात. वय ५५ किंवा जास्त, फक्त वाटीवर दाबल्यावर दुखणं, गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला असलेल्या हाडाच्या टोकावर दुखणं, गुडघा ९० अंशांपर्यंत न वाकणं, आणि लागल्या लागल्या तसंच दवाखान्यातही चार पावलं न टाकता येणं. यातलं एक जरी असलं तरी हाड मोडलं नाही ना, याची खात्री करून घ्या. एक्स-रेमध्ये लिगामेंट दिसत नाही. "एक्स-रे नॉर्मल आहे" याचा अर्थ हाड शाबूत आहे, इतकाच.

## ३. पहिले तीन दिवस

या तीन दिवसांत काय करता यापेक्षा काय टाळता ते महत्त्वाचं.

चोळू नका. तेल, बाम, मालिश, वस्तादांचा हात, काहीही नको. शेकू नका, गरम पाण्याची पिशवी नको, दारूही नको. आत रक्त साठत असतं आणि या सगळ्याने ते वाढतं. आंबेहळद-रक्तबोळाचा लेप घरातली मोठी माणसं लावायला सांगतील. वर नुसता लावला तर फारसं बिघडत नाही, पण तो चोळून, वरून शेकून, घट्ट फडकं बांधून ठेवला की बिघडतं. आजीशी वाद घालण्यापेक्षा लेप गार आणि पातळ लावा.

बर्फ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटं ठेवा आणि दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावा. बर्फ थेट कातडीवर ठेवला तर कातडी जळते. घरात फ्रीज नसेल तर गार पाण्यात भिजवलेला टॉवेल चालतो. क्रेप बँडेज खालून वर बांधा. बोटं सुजली किंवा काळवंडली तर लगेच सैल करा. झोपताना पाय छातीपेक्षा उंच ठेवा.

पाय उंच ठेवताना जवळपास सगळे एक चूक करतात: उशी गुडघ्याखाली ठेवतात. तिथे आराम वाटतो हे खरं, पण गुडघा अर्धवट वाकलेल्या अवस्थेत आखडतो आणि नंतर तो सरळ करायला महिने जातात. उशी टाचेखाली आणि पोटरीखाली हवी, गुडघ्यामागे मोकळी जागा.

वेदनेसाठी साधी पॅरासिटामॉल ठीक. मेडिकलमधून डायक्लोफेनॅकसारखी गोळी स्वतःच्या मनाने आणून आठवडाभर खाऊ नका, विशेषतः किडनीचा त्रास, बीपी, अल्सर किंवा रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर.

चालताना काठी घ्यायची तर ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात घ्या. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर प्लास्टिकची कमोड खुर्ची आणा. उकिडवं बसून उठताना लागलेला गुडघा पुन्हा वळतो, ही दुखापतही नेहमीची आहे.

## ४. कुठलं लिगामेंट गेलं असेल?

नक्की निदान घरी होत नाही. पण अंदाज असला तर डॉक्टरांना नीट सांगता येतं आणि स्वतःची फसगत होत नाही.

एसीएल (पुढचं, सांध्याच्या आतलं). बहुतेक वेळा समोरच्याचा धक्काही लागलेला नसतो. पळता पळता थांबून वळताना, उडी मारून उतरताना, किंवा कबड्डीत पकडीत पाय अडकलेला असताना अंग फिरवताना हे तुटतं. 'कट्' आवाज आणि दोन ते सहा तासांत गुडघा टम्म फुगणं या दोन खुणा एकत्र आल्या तर एसीएल गेलं असंच धरून चाला, जोवर तपासणारा नाही म्हणत नाही. दोन-तीन आठवड्यांनी दुखणं कमी होतं, पेशंट सरळ रस्त्यावर छान चालतो आणि नेमका इथेच फसतो. बांधावरून उतरताना किंवा मागून हाक आली म्हणून झटकन वळताना गुडघा कच खातो. खो-खो, कबड्डी, फुटबॉल खेळणाऱ्या मुलींना या दुखापतीचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो. "बाईमाणसाचं दुखणं, होईल बरं" म्हणून त्यांचा गुडघा मागे टाकू नका.

एमसीएल (आतल्या बाजूचं). बाहेरून गुडघ्यावर आदळलं की हे ताणतं. कुस्तीत अंगावर पडलेल्या गड्याच्या वजनाने असंच होतं. दुखणं आतल्या बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल असं. बहुतेक एमसीएल ऑपरेशनशिवाय भरून येतात.

पीसीएल (मागचं). वाकलेल्या गुडघ्यावर समोरून जोरात मार लागतो तेव्हा. मोटारसायकलवरून गुडघ्यावर आपटणं, गाडीच्या डॅशबोर्डवर गुडघा आदळणं. सूज कमी असते, म्हणून हे सुटून जातं.

एलसीएल (बाहेरचं). कमी वेळा जातं, पण शेजारून जाणाऱ्या नसेलाही इजा होऊ शकते. पंजा उचलता येतो ना, हे इथे मुद्दाम बघायचं.

गादी, म्हणजे मेनिस्कस. हे लिगामेंट नव्हे, पण अनेकदा त्याच्याबरोबर फाटतं. सूज सावकाश, दुसऱ्या दिवसापर्यंत येते, आणि गुडघा मधेच अडकतो.

> तपासा: सूज खरंच उतरली का? पाय लांब करून बसा. वाटीच्या आतल्या कडेला एक खळगा असतो, दोन्ही गुडघ्यांचे खळगे ताडून पाहा. मग तळव्याने आतल्या बाजूने खालून वर, मांडीकडे दोन-तीनदा हात फिरवा आणि लगेच बाहेरच्या बाजूने वरून खाली एकदा फिरवा. आतला खळगा पाण्याच्या लाटेसारखा भरून आला तर सांध्यात अजून पाणी आहे. पुढचे सगळे टप्पे या एका खुणेवर चालतात, म्हणून ती हाताला बसवून घ्या.

## ५. डॉक्टरकडे जाताना

अस्थिरोगतज्ज्ञाला पहिल्या आठवड्यातच दाखवा. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्याची हाताने तपासणी नीट होत नाही, म्हणून ते दहा-बारा दिवसांनी पुन्हा बोलावतील. ती दुसरी फेरी चुकवू नका, खरं निदान तेव्हाच होतं. अनुभवी हाताला गुडघा थोडा वाकवून नडगी पुढे ओढली की एसीएल आहे की नाही ते बरंचसं कळतं. एमआरआय त्यानंतर, शंका मिटवायला आणि गादी-कुर्चा (कुर्चा म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) पाहायला. आधी एमआरआय काढून मग डॉक्टर शोधणं हा पैशांचा उलटा प्रवास आहे.

सोबत न्या: मोबाइलमधली ती टिपणं, एक्स-रेच्या फिल्म्स (नुसता कागदी रिपोर्ट नको), चालू गोळ्यांची यादी, आधार आणि रेशनकार्ड, असेल तर आयुष्मान कार्ड. कन्नड बोलायला अडखळत असाल तर बोलणारा माणूस बरोबर घ्या. सही करायच्या फॉर्मवर काय लिहिलंय ते समजून घ्यायला तो उपयोगी पडतो.

गाव कुठल्या दिशेला आहे त्यावर रुग्णालय ठरवा. खानापूर आणि बेळगाव तालुक्याला बेळगाव सोयीचं. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ, अथणी-रायबागकडच्यांना मिरज-सांगली. ऑपरेशन एकदाच होतं, व्यायाम करवून घेणाऱ्या फिजिओकडे (फिजिओथेरपिस्टकडे) मात्र कित्येक महिने जावं लागतं. म्हणून मोठं नाव शोधण्याआधी बस कुठे थेट जाते ते बघा. कार्डावर उपचार करायचे असतील तर सरकारी रुग्णालयाचं रेफरल पत्र लागतं का, आणि राज्याबाहेरच्या रुग्णालयात ते कार्ड चालतं का, हे तारीख घेण्याआधी विचारा. दाखल झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

## ६. गुडघा सरळ करा, मग बाकीचं

ऑपरेशन होणार असो वा नसो, हा टप्पा सगळ्यांना सारखाच. फक्त दोन अपवाद: गुडघा अडकला असेल किंवा डॉक्टरांनी ब्रेस लावून वाकवायला मनाई केली असेल तर त्यांनी सांगितल्याशिवाय यातलं काही करू नका.

दुखापतीनंतर मांडीचा पुढचा स्नायू झोपी जातो. पेशंट ताकद लावतो, पण मांडी हलत नाही. त्याला जागं करायचं.

टाच टेकवणं. पलंगावर पाय लांब करा, टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा, गुडघ्यामागे काही नको. गुडघा स्वतःच्या वजनाने खाली येऊ द्या. १० मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. मागच्या बाजूला ताण जाणवेल. तो हवा आहे. टोचल्यासारखी कळ आली तर थांबा.

मांडी आवळणं. त्याच अवस्थेत गुडघा खाली दाबून वाटी मांडीकडे ओढायची. पाच सेकंद धरा, सोडा. वाटीवर बोट ठेवलं की ती वर सरकल्याचं हाताला कळतं. सरकत नसेल तर आधी चांगल्या पायावर करून बघा, मग दुखऱ्यावर. दहाचे तीन-चार फेरे.

सरळ पाय उचलणं. मांडी आधी आवळायची, गुडघा कुलूप लावल्यासारखा सरळ ठेवायचा आणि मगच पाय वीतभर उचलायचा. उचलताना गुडघा किंचित जरी वाकला तर ताकद अजून आलेली नाही. मागच्या व्यायामावर परत जा.

टाच सरकवणं. पाठीवर झोपून टाच हळूहळू ढुंगणाकडे ओढा, जमेल तितकीच. घरच्यांनी धरून जोर लावायचा नाही.

> तपासा: पलंगावर पालथे झोपा, गुडघ्यापासून खालचे दोन्ही पाय कडेबाहेर लोंबकळू द्या. घरच्या कुणाला तरी मागून दोन्ही टाचांच्या उंचीतला फरक बघायला सांगा. एक सेंटिमीटर फरक म्हणजे साधारण एक अंश कमी. दोन बोटांचा फरक उरला असेल तर ऑपरेशनची घाई नको.

सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर एसीएलचं ऑपरेशन केलं तर तो कायमचा ताठ राहण्याचा धोका वाढतो. सूज उतरलेली, गुडघा पूर्ण सरळ, १२० अंशांपर्यंत वाकतोय आणि चाल लंगडी नाही, इतकं व्हायला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. ते वाया जात नाहीत. फाटलेली गादी गुडघा अडवत असेल किंवा एकाहून जास्त लिगामेंट तुटली असतील तर गणित वेगळं, तिथे सर्जन लवकर बोलावतील.

## ७. ऑपरेशन करायचं का?

एमआरआयच्या कागदावर 'कम्प्लीट टेअर' (पूर्ण तुटलेलं) वाचलं म्हणजे ऑपरेशन ठरलंच असं नाही. स्वीडनमधला २०१० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे उपयोगी आहे. एसीएल तुटलेल्या तरुण, खेळत्या माणसांपैकी ५९ जणांना आधी व्यवस्थित व्यायाम दिला आणि गरज पडली तरच ऑपरेशन असं ठेवलं. दोन वर्षांत त्यातल्या २३ जणांना ऑपरेशन करावं लागलं, बाकीच्यांचं त्याशिवाय चाललं.

माझं मत विचाराल तर निर्णय तीन प्रश्नांवर घ्यावा. गुडघा रोजच्या कामात निसटतो का? वळणं-उड्या असलेला खेळ किंवा तसं काम पुढे करायचंच आहे का? बरोबर गादी फाटली आहे का? कुस्तीगीर, कबड्डीपटू, सैन्यभरतीची तयारी करणारा पोरगा, चिखलात नि बांधावर राबणारा शेतकरी यांचं पारडं बहुतेक वेळा ऑपरेशनकडे झुकतं. दुकानात बसणाऱ्या पन्नाशीच्या माणसाचा गुडघा व्यायामानंतर निसटत नसेल तर त्याने घाई कशाला करावी? पण गुडघा वरचेवर निसटत असताना बेल्ट लावून काम ओढत राहणं वाईट. प्रत्येक निसटण्यात गादी आणि कुर्चा झिजते. बाजारातल्या नी-कॅपने आधार वाटतो, तुटलेल्या एसीएलचं काम ती करत नाही.

सर्जनना एवढं विचारा: ग्राफ्ट (तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवायची पट्टी) कुठून घेणार, गादी शिवणार की काढणार, वजन कधीपासून टाकायचं, फिजिओ कुठे आणि किती दिवस.

## ८. ऑपरेशननंतरचे महिने

पहिले दोन आठवडे. सहाव्या टप्प्यातलेच व्यायाम, पुन्हा पहिल्यापासून. लक्ष्य दोनच: गुडघा पूर्ण सरळ आणि ९० अंशांपर्यंत वाकणं. मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं बंद. गादी शिवली असेल तर वजन आणि वाकवणं यांवर चार ते सहा आठवडे बंधन असू शकतं. तिथे शेजारच्याचा अनुभव चालत नाही, तुमच्या सर्जनचा कागद चालतो.

> सावध: पोटरी सुजून दुखायला लागली, अचानक दम लागला, छातीत दुखलं, ताप येऊन गुडघा लाल-गरम झाला किंवा टाक्यांतून पाणी येऊ लागलं, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. रक्ताची गुठळी आणि जंतुसंसर्ग, दोन्ही थांबत नाहीत.

दोन ते सहा आठवडे. न लंगडता चालणं. काठी तेव्हाच सोडा जेव्हा चाल सरळ असते. लंगडत काठी सोडण्यात मर्दुमकी नाही. मांडीच्या मागचा स्नायू ग्राफ्टसाठी घेतला असेल तर टाच मागे जोरात ओढण्याचे व्यायाम फिजिओ सांगेपर्यंत नको. दुचाकीही या काळात नको. उजव्या पायाने ब्रेक, डाव्याने गिअर, आणि गाडी कलली की तोच पाय जमिनीवर.

सहा आठवडे ते तीन महिने. सायकल, भिंतीला टेकून अर्धी बैठक, पायरी चढणं-उतरणं, एका पायावर तोल. तालमीतल्या पोरांची सर्वांत मोठी चूक इथली. दुखत नाही म्हणून शंभर-दोनशे बैठका सुरू करतात. या काळात ग्राफ्ट सर्वांत कच्चा असतो. बसवलेली पट्टी आधी मऊ पडते, मग तिच्यात नवं रक्त खेळतं आणि सावकाश तिचं लिगामेंट होतं. गुडघ्याला बरं वाटणं आणि ग्राफ्ट पक्का होणं या दोन गोष्टींत काही महिन्यांचं अंतर असतं. वस्तादांना हे पेशंटने नव्हे, फिजिओने फोनवर सांगावं. त्याचा परिणाम जास्त होतो.

तीन महिन्यांनंतर. सूज नसेल, मांडी भरली असेल तर सपाट जमिनीवर हळू पळणं. डांबरी उतार आणि नांगरलेलं रान नको. पाचव्या-सहाव्या महिन्यापासून उड्या, मग वळणं. उडीवरून उतरताना समोरून मोबाइलवर चित्रण करा. गुडघा आत झुकत असेल तर तीच दुखापत पुन्हा होण्याची चाल आहे.

रोजचा नियम एकच: व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी खळग्याची तपासणी करा. खळगा भरलेला असेल तर कालचा व्यायाम जास्त झाला. दोन दिवस एक पायरी खाली उतरा.

गावाहून रोज फिजिओकडे येणं जमत नाही, हे खरं आहे. मग आठवड्याला एकदा या, पण प्रत्येक वेळी नवे व्यायाम मोबाइलवर चित्रित करून न्या आणि वहीत रोजची खूण करा.

## ९. आखाडा, मैदान, शेत

नऊ महिन्यांच्या आत आखाड्यात किंवा वळणावळणाच्या खेळात उतरू नका. नऊ महिन्यांआधी परतणाऱ्यांमध्ये गुडघा पुन्हा जाण्याचं प्रमाण स्पष्टपणे जास्त दिसतं. नुसते महिने मोजूनही भागत नाही. दुखऱ्या पायाची ताकद आणि एका पायावरची उडी चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के हवी. उडीचं अंतर अंगणात टेपने मोजता येतं. प्रत्येक पायाच्या तीन उड्यांतली सर्वांत लांब धरा.

परतण्याचाही क्रम आहे. आधी एकट्याने सराव, मग ठरलेल्या डावांचा जोडीदाराबरोबर सराव, मग पूर्ण ताकदीची लढत, आणि शेवटी जत्रेतली कुस्ती. मातीत पाय रुततो, मॅटवर पाय चिकटतो, म्हणून ज्यावर लढायचं त्यावरच आधी काही आठवडे सराव करा. फुटबॉलवाल्यांसाठी 'फिफा ११ प्लस' नावाचा वीसेक मिनिटांचा वॉर्म-अप आहे, तो पूर्ण संघानेच लावून घ्यावा. भरतीच्या पोरांनी मैदानी चाचणीची तारीख आधी धरून गुडघा त्यात बसवू नये. सुई टोचून एका दिवसापुरता गुडघा सुन्न करणं तर अजिबात नको.

शेतीकामात रोपलावणी सर्वांत शेवटी धरा. चिखलात रुतलेला पाय ओढून काढताना कंबरेतून वळायचं नाही. आधी पाऊल मोकळं करायचं, मग अंग फिरवायचं. डोक्यावर भारा घेऊन ओल्या बांधावरून उतरायचं काम पहिल्या पावसाळ्यात दुसऱ्या कुणाला द्या.

पहिल्या लढतीनंतर किंवा कामाच्या पहिल्या दिवसानंतर गुडघा फुगला, तर बर्फ लावा, पाय उंच ठेवा आणि तिसऱ्या दिवशी खळगा बघा. उतरला असेल तर पुढचा आठवडा निम्मा भार. उतरला नसेल, किंवा गुडघा एकदा जरी निसटला असेल, तर सर्जनकडे परत जा आणि जाताना ऑपरेशनचा जुना कागद, डिस्चार्ज कार्ड आणि एमआरआयच्या फिल्म्स बरोबर घ्या.